वृद्धांच्या घरी राहून सांभाळ करताना: केअरटेकरची कामं आणि ती करायच्या रीती

नर्स ठरलेल्या वेळी येते, ड्रेसिंग करते, इंजेक्शन देते, जाते. घरात राहणाऱ्या केअरटेकरकडे मात्र त्या माणसाचा सगळा दिवस आणि रात्रही असते. आजी एका दमात किती चालतात, रात्री लघवीला किती वेळा उठतात, जेवण किती जातं, हे त्यांच्या मुलांपेक्षा तुम्हाला जास्त नेमकं कळतं. या माहितीवर बरंच काही अवलंबून असतं, कारण उतारवयात आजार नेहमीच्या खुणा दाखवेलच असं नसतं. न्यूमोनियात ताप नसू शकतो, लघवीच्या संसर्गात जळजळ नसू शकते, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखत नाही असंही होतं. दिसतं ते एवढंच, की आज जेवणावर वासना नाही, उठायला दोनदा जोर लावावा लागला, किंवा कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलतोय. रोजचं काय ते पक्कं ठाऊक असेल, तरच आजचं वेगळं लक्षात येतं.

पहिले तीन दिवस

पहिल्याच दिवशी घरच्यांकडून पुढच्या गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको: कोणते आजार आहेत, डॉक्टरांची सर्वांत अलीकडची चिठ्ठी, कोणत्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गिळताना ठसका लागतो का, पाण्यावर मर्यादा घातली आहे का, याआधी कधी आणि कुठे पडले, चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र कुठे ठेवतात. निर्णयासाठी घरातल्या एकाच व्यक्तीचं नाव ठरवून घ्या. तीन भावंडं तीन सूचना द्यायला लागली की त्रास म्हाताऱ्या माणसालाच होतो. ॲम्ब्युलन्स, डॉक्टर आणि त्या व्यक्तीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

हाक कशी मारलेली त्यांना आवडेल, हे त्यांनाच विचारा. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल इतरांशी बोलू नका. ऐकू कमी येत असलं तरी बोलण्याचा रोख कळतो.

मग तीन रकाने आखा: स्वतः करतात, थोडा हात लागतो, पूर्ण करून द्यावं लागतं. दात घासणं, केस विंचरणं, बटणं लावणं, ताटातून घास घेणं, कुशीवर वळणं, प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रकान्यात बसेल. पहिल्या रकान्यातलं एकही काम आपल्याकडे ओढून घेऊ नका. सदऱ्याची पाच बटणं लावायला आजोबांना दहा मिनिटं लागत असतील, तर दहा मिनिटं लागू द्या. घाईने तुम्ही लावून दिलीत तर हळूहळू बोटांची ती हालचाल जाते आणि मग ती परत आणणं फार अवघड असतं. नव्या केअरटेकरच्या हातून हीच चूक सर्वाधिक होते, आणि ती मायेपोटी होते.

याच तीन दिवसांत रक्तदाब, नाडी, वजन, शौचाच्या वेळा, झोपेचे तास आणि चालण्याचं अंतर टिपून ठेवा. पुढची सगळी तुलना याच आकड्यांशी करायची आहे.

वही

नोंदवहीत ‘आज बरं वाटत नाही’ असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. नोंद अशी हवी:

सकाळी ८: नाश्ता पाव भाग. पाणी अर्धा पेला.
११: रोज स्वतः उठतात, आज दोन्ही हातांनी आधार द्यावा लागला. वार विचारला, चुकीचा सांगितला. काल बरोबर सांगितला होता.
पहाटे ५ नंतर लघवी नाही.

या तीन ओळी फोनवर वाचून दाखवल्या तरी डॉक्टरांच्या मनात शरीरातलं पाणी कमी होणं, संसर्ग, लघवी अडकणं अशा शंका लगेच येतील. काय दिसलं ते आणि वेळ लिहा. ‘बहुतेक अशक्तपणा असेल’ हा अंदाज वहीत नको. हृदयाच्या अशक्तपणाचा (हार्ट फेल्युअर) रुग्ण असेल तर रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्या. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते अंगात साठणारं पाणी असण्याची शक्यता मोठी असते. पायावरची सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

उठवणं आणि बसवणं

दोघांनाही इजा होण्याचा धोका इथे सर्वांत मोठा. केअरटेकरची कंबर जाते ती बहुतेक वेळा वाकून, ओढून उचलल्यामुळे.

झोपेतून उठवताना एकदम उभं करू नका. आधी कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसतं करा. कडेला एक-दोन मिनिटं बसू द्या आणि तेवढ्यात पावलं वर-खाली दहा वेळा हलवायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. पहाटे घाईने संडासला जाताना पडणं बऱ्याचदा यातूनच घडतं. मशीन घरात असेल तर एकदा झोपून आणि एकदा उभं राहिल्यावर मोजून वहीत लिहा. रक्तदाबाच्या गोळ्या ठरवताना डॉक्टरांना हे आकडे कामी येतात.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना क्रम मोडू नका. खुर्ची त्यांच्या बळकट बाजूला, पलंगाशी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून पाहा. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, त्यात पाय अडकून पडणारे पुष्कळ असतात. त्यांच्या पायात न घसरणारी चप्पल किंवा बूट हवेत, नुसते मोजे नकोत. त्यांना कडेला पुढे सरकवा, तळवे जमिनीवर टेकलेले आणि गुडघ्यांच्या थोडे मागे. तुम्ही समोर उभे राहा, पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, दुबळा गुडघा तुमच्या गुडघ्याने अडवलेला. कमरेला ट्रान्सफर बेल्ट (धरून उठवण्यासाठी बांधायचा पट्टा) असेल तर तो धरा. त्यांना पुढे झुकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या रेषेत यावं. ‘एक, दोन, तीन’ म्हणत दोघांनी एकदम उठायचं. पुढे न झुकता उठवायला गेलात तर सगळं वजन मागे पडतं आणि तुम्ही नुसते ओढत राहता.

काखेत हात घालून कधीही उचलू नका. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा सैल असतो, अशा ओढण्याने तो निखळू शकतो. त्यांना तुमच्या मानेला मिठी मारू देऊ नका, हात तुमच्या कमरेवर किंवा खुर्चीच्या हातावर ठेवायला सांगा. दोन माणसांचं काम असेल तर दुसरं माणूस येईपर्यंत थांबा. एकट्याने झेपत नाही असं घरच्यांना स्पष्ट सांगणं हाही कामाचाच भाग आहे.

काठीची उंची उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत असावी. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. ऐकायला उलटं वाटतं, पण चालताना दुबळ्या पायावरचा भार तिथेच हलका होतो. जिना चढताना आधी बळकट पाय, उतरताना आधी दुबळा. खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढू देऊ नका, वॉकर उलटतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, मग वॉकर धरायचा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा

बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होते त्याचं कारण सरळ आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या मांसाला रक्त मिळत नाही. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, घोटे, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग आणि कानाची कड, या जागा रोज दोनदा उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे, त्या बाजूवर आता वजन नको. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम, टणक किंवा मऊसर लागणारी, आजूबाजूपेक्षा काळसर-जांभळी जागा शोधा.

कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा. किती तासांचं अंतर चालेल हे त्वचा आणि गादी पाहून डॉक्टर किंवा नर्स बदलू शकतात, स्वतःहून वाढवू नका. पूर्ण आडवं कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये उशी घाला. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा हवेत तरंगतील. टाच आणि गादी यांच्यात एक कागद सहज सरकला पाहिजे. जेवणाची वेळ आणि त्यानंतरचा अर्धा तास सोडून पलंगाचं डोकं ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका, माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची त्वचा खेचली जाऊन फाटते. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका. खाली घडी केलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलून सरकवा.

एअर मॅट्रेस (हवेची गादी) आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. या एका गैरसमजापायी चांगल्या घरांतही खोल जखमा होतात. मॅट्रेसवर चार-चार चादरी आणि प्लॅस्टिक घालू नका, तिचा उपयोगच जातो. लाल जागेवर मालिश नको, आतली बारीक रक्तवाहिनी आणखी तुटते. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, ती भोवतालचं रक्त अडवते. खुर्चीत बसलेल्या माणसाचाही भार दर तासाला बदलायला हवा. हातांवर जोर देऊन स्वतः बूड उचलता येत असेल तर दर पंधरा मिनिटांनी तसं करायला सांगा.

भरवणं आणि पाणी

घशाकडे जाणारं अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि त्याचं मूळ अनेकदा झोपून भरवण्यात असतं. जेवताना पाठ सरळ, शक्य तितकी काटकोनात, मागे उशी. हनुवटी किंचित खाली. तुम्ही उभे राहून भरवलंत तर त्यांची मान वर उचलली जाते आणि गिळणं अवघड होतं. समोर बसा, चमचा खालून वर न्या. लहान चमचा, अर्धाच भरलेला. कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही. टीव्ही बंद, गप्पा बंद, प्रश्न तर नकोच. जेवणानंतर किमान अर्धा तास बसलेलंच ठेवा. अर्धांगवायू असेल तर दुबळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवणानंतर तोंड उघडून बघा आणि साफ करा.

खाताना खोकला, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर घरघरलेला ओला आवाज, किंवा वारंवार बारीक ताप, यातलं काही दिसलं तर भरवणं थांबवून डॉक्टरांना कळवा. पाण्याने ठसका लागतो पण घट्ट पदार्थाने लागत नाही, हे बऱ्याच जणांचं असतं. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, पण किती घट्ट करायचं हे गिळण्याची तपासणी करणारा थेरपिस्ट ठरवतो.

घास अडकलाच तर? खोकता येत असेल तर खोकू द्या, पाठीवर थापा मारू नका. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, त्याने सुटला नाही तर मागून बेंबीच्या वर मूठ धरून आत आणि वर पाच झटके, आणि हे आलटून पालटून. दरम्यान दुसऱ्याला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगा. शुद्ध हरपली तर सपाट झोपवून छाती दाबायला सुरुवात करा.

वयाबरोबर तहान कमी लागते, त्यामुळे ‘मागतील तेव्हा देऊ’ हे चालत नाही. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसभरात सगळे पेय मिळून दीड ते दोन लिटर जायला हवं. एक बाटली सकाळी भरून ठेवा म्हणजे संध्याकाळी किती संपली ते दिसतं. बरेच वृद्ध लघवीला उठावं लागू नये म्हणून मुद्दाम पाणी टाळतात. त्यांना दामटण्यापेक्षा पाण्याचा मोठा वाटा दुपारी चारच्या आत द्या आणि संडासची वाट सोपी करा.

औषधं

आठवड्याचा डबा भरताना समोर चिठ्ठी ठेवा, शक्यतो घरातलं दुसरं माणूस शेजारी असू द्या, आणि भरताना फोन उचलू नका. देताना पाच गोष्टी जुळवा: माणूस, औषध, मात्रा, वेळ, आणि कोणत्या मार्गाने द्यायचं. गोळी घशाखाली उतरलेली बघूनच वहीत खूण करा. खिशात, उशीखाली, गालात ठेवलेल्या गोळ्या नंतर सापडतात.

गोळी गिळता येत नाही म्हणून सरसकट कुटू नका. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळीही कुटू नका. केमिस्टला विचारा, बऱ्याच औषधांचं पातळ रूप मिळतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास अजिबात आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी लिहिलेली असेल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्रीचं एक पडणं त्याने टळू शकतं.

एखादी मात्रा राहिली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. दुकानातून आणलेली सर्दीची किंवा झोपेची गोळी परस्पर देऊ नका. त्यातल्या काही औषधांनी वृद्धांमध्ये भ्रम होतो आणि लघवी अडकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी किडनीवर ताण येतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो.

मधुमेह असेल तर इन्सुलिन दिल्यावर जेवण लांबू देऊ नका. घाम, थरथर, चिडचिड, गुंगी दिसली की शुगर मोजा. ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली की खायला द्या. मशीन नसेल तर शुगर कमी झाली आहे असंच समजून साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

अंघोळ, कपडे, तोंड

पाणी ३७-३८ अंश, आपल्या हाताला गरम पाण्याची सवय झालेली असते म्हणून कोपराने पाहायचं. वृद्धांची त्वचा पातळ असते आणि भाजल्याचं त्यांना उशिरा कळतं. आधी थंड पाणी, मग त्यात गरम. टॉवेल, कपडे, साबण सगळं आत नेऊन ठेवल्यावरच त्यांना न्या, न्हाणीत एकटं सोडून टॉवेल आणायला जायचं नाही. बेडवर स्पंजिंग करताना चेहऱ्यापासून सुरुवात, डोळे नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि ज्या भागाला पुसता तेवढाच उघडा ठेवा. बायकांची लघवी-शौचाची जागा पुढून मागे पुसा, उलट केलं तर शौचाचे जंतू लघवीच्या मार्गात जातात. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तिथे क्रीम लावू नका. मधुमेह्याचे तळवे रोज बघा, गरम पाण्यात पाय बुडवून ठेवू नका, नखं सरळ कापा.

कपडे घालताना दुबळा हात आधी, काढताना बळकट हात आधी. हे एक लक्षात ठेवलं तर निम्मी ओढाताण संपते.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. धुताना बेसिनमध्ये पाणी भरा किंवा टॉवेल अंथरा, हातातून सुटली तर फुटते. गरम पाण्याने ती वाकडी होते आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात.

लघवी आणि शौच

दर दोन-तीन तासांनी स्वतःहून विचारून संडासला न्या. डायपर असला तरी तेवढ्याच वेळाने बघा, शौच झाली असेल तर क्षणभरही थांबू नका. शौचाला बसताना पाय छोट्या स्टुलावर आणि थोडं पुढे झुकलेलं असलं की सोपं जातं. तीन दिवस शौच झाली नाही तर सांगा. त्यानंतर एकदम पातळ गळायला लागलं तर ते जुलाबच असतील असं नाही. आत कडक शौचाचा खडा बसलेला असू शकतो आणि त्याच्या बाजूने पाणी झिरपतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर त्रास वाढतो.

कॅथेटरची (लघवीसाठी बसवलेल्या नळीची) बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा, किती निघाली ते मोजून लिहा. चार तास बॅगेत काहीच आलं नाही तर नळी कुठे वळली आहे का बघा. वळली नसेल तर लगेच फोन करा. कॅथेटर बदलणं, नाकातली नळी घालणं, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं), इंजेक्शन ही कामं शिकवल्याशिवाय आणि लेखी सांगितल्याशिवाय करू नका, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

स्मरण गेलेल्या माणसाबरोबर

चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईला आजी हाका मारत असतील तर ‘त्या गेल्या’ असं पुन्हा पुन्हा सांगू नका, दर वेळी त्यांना ते नव्याने कळतं. ‘आईची आठवण येतेय का, कशा होत्या त्या?’ असं विचारलं की बोलणं त्या ओढीकडे वळतं. एका वेळी एक छोटं वाक्य बोला. ‘काय घालायचं?’ याऐवजी दोन कपडे समोर धरा. अंघोळीला नाही म्हणाले तर वाद न घालता वीस मिनिटांनी पुन्हा या, तेव्हा कदाचित नकार आठवतही नसेल. संध्याकाळी बेचैनी वाढते, म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. घराबाहेर निघून जायची सवय असेल तर दाराला घंटी बसवा आणि त्यांचा अलीकडचा फोटो हाताशी ठेवा. बांधून ठेवणं किंवा खोलीत कोंडणं कुठल्याच कारणासाठी नाही. पलंगाचा कठडा चढून पडणारे कठड्याविना पडणाऱ्यांपेक्षा जास्त उंचावरून पडतात, हेही ध्यानात घ्या.

मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वागणं बदललं, तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. संसर्ग, नवं औषध, बद्धकोष्ठ, अडकलेली लघवी, पाण्याची कमतरता यांपैकी काहीतरी बहुधा असतं, आणि ते बरं होण्यासारखं असतं.

पडले तर, आणि लगेच फोन करायच्या वेळा

पडत असताना धरून ठेवायचा प्रयत्न करू नका. जवळ ओढून तुमच्या मांडीवरून हळूच खाली बसवा. पडल्यावर लगेच उचलू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता आहे, हलवू नका, पांघरूण घाला, ॲम्ब्युलन्स बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी दवाखान्यात न्या, आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसू लागतो. काहीच लागलं नसेल तर कुशीवर वळवा, हात-गुडघ्यांवर आणा, समोर मजबूत खुर्ची ठेवा, त्यावर हात टेकवून एक पाय पुढे घेत उठू द्या.

चेहऱ्याची एक बाजू लोंबणं, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली येणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी अर्धांगवायूचा झटका समजून ॲम्ब्युलन्स बोलवा. शेवटचे ठीक कधी दिसले होते ती वेळ लिहून घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि ते मोजतात तुमच्या त्या वेळेपासून. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं तर झोपायला जाण्याची वेळ सांगा. तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा देऊ नका.

तुमची झोप, सुट्टी आणि हिशेब

घरात राहता म्हणजे चोवीस तास कामावर असता, असा अर्थ होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्यात आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती, विश्रांतीच्या वेळी घरातच थांबण्याची सक्ती नसणं, आणि आपली ओळखपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आहे. तो मान्य केलेल्या देशांना तो बांधील आहे, पण इतरत्रही करार लिहिताना मोजपट्टी म्हणून वापरता येतो. लिहून घ्या: कामाचे तास, रात्री किती वेळा उठणं अपेक्षित आहे, सुट्टीचा वार, झोपायची वेगळी जागा, जेवण, आजारपणाची रजा, आणि कोणती कामं तुमची नाहीत. सगळ्या कुटुंबाचा स्वयंपाक आणि धुणं हळूहळू अंगावर येतं, आणि मग दोन तासांची कूस चुकायला लागते. रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल तर दिवसा झोपेचे तास ठरवा किंवा रात्रीला दुसरं माणूस मागा. न झोपलेल्या माणसाच्या हातून औषधात चुका होतात.

पैशांसाठी वेगळी वही, प्रत्येक पावती चिकटवलेली, आठवड्याला घरच्यांची सही. त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन स्वतःकडे घेऊ नका, कोणत्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. अंगावर जखमेची किंवा मुरगळल्याची नवी खूण दिसली तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून कळवा, कोणाच्या हातून झालं हे माहीत नसलं तरी.

सुट्टीवर जाण्याआधी बदलीच्या माणसाला निदान अर्धा तास द्या. एकदा उठवून-बसवून दाखवा आणि त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. एका कागदावर लिहून ठेवा: शेवटची कूस कोणत्या बाजूला आणि किती वाजता बदलली, शेवटचं औषध कोणतं दिलं, शौच कधी झाली, कुठल्या जागेवर लाली आहे, आज कशाने ठसका लागला, कानातलं यंत्र आणि कवळी कुठे आहे, आणि रात्री घाबरल्या तर कशाने शांत होतात.